चौदावी गाठ

"हात वर धर, सगुणा. पंजा उघडा दिसला तर मी पुढे जाईन. मूठ दिसली तर उतरेन. तिसरं काही करू नकोस."

हा आवाज मी रबराच्या नळीतून ऐकला, त्याला आता पंचेचाळीस वर्षं होतील. अजून कधी कानात पाणी गेलं की तो येतो. कॅप्टन जठार माझ्या मागे दोन हातांवर बसले होते, पण नळीतून त्यांचं बोलणं विहिरीच्या तळातून आल्यासारखं वाटायचं. खाली वाघजाईचा माळ होता, दोन हजार फूट खाली. मला चार पट्ट्यांनी बांधलं होतं. दोन खांद्यांवरून, दोन मांड्यांवरून, आणि चारींची टोकं पोटावर एका खिळीत अडकवलेली. नळी एकाच दिशेने बोलायची, मागून पुढे. उलटी नळी कधीच कुजून गेली होती. ती बदलायची कुणाला गरज वाटली नव्हती. पुढच्या सीटवरच्या माणसाला काही सांगायचं असेल, असं कुणी धरलंच नव्हतं.

माझ्यापाशी बोलायला एक हात होता. आणि खालच्या उजव्या पंखाचं कापड माझ्या डोळ्यांदेखत फुगत होतं.

माघातली सकाळ होती ती, साल चौऱ्याहत्तर. आमच्या फ्लाइंग क्लबात तेव्हा दोनच विमानं होती. एक जुनं, दुपंखी, लाकडाच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं. लढाईच्या काळात पायलट घडवून घडवून थकलं आणि मग आमच्या माळावर आलं. त्याला सगळे थोरली म्हणायचे. दुसरं नवं, पत्र्याचं. ती धाकटी. शिकायला येणाऱ्या पोरांना धाकटीच हवी असायची. थोरलीत बसलं की तोंडावर तेलाचे शिंतोडे उडायचे आणि परत येईस्तोवर मिशा काळ्या.

माझे वडील केरोबा बगाडे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. जातीचे शिंपी. गावात सदरे-बंड्या शिवता शिवता एकदा कुणाच्या तरी ओळखीने माळावर गेले आणि वीस वर्षं थोरलीचे पंख शिवत राहिले. पंखाच्या पोटात माशाच्या काट्यांसारख्या लाकडी फासळ्या असतात. कापड वरून-खालून ताणून चढवायचं आणि प्रत्येक फासळीवर हातभर लांब सुईने शिवून टाकायचं. सुई वरून खाली, खालून वर. मेणाचा दोरा फासळीला वेढून आला की गाठ. मग चार बोटं पुढे, की पुन्हा गाठ. किती अंतरावर, ते सांगायला एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर खाचा. सगळं शिवून झालं की गाठींवरून कापडाची फीत चिकटवायची आणि वर डोप नावाच्या उग्र वासाच्या रोगणाचे हात द्यायचे. वाळलं की पंख ढोलकीसारखा वाजायचा. आणि गाठी आत दडून जायच्या. मग त्या मोजायला कुणी येत नसे.

आबा गाठी ओव्यांनी मोजायचे. एका गाठीला एक ओवी. ओवी संपली की दोरा आवळायचा.

वाऱ्या रे पाहुण्या, दाराशी थांबावं,
कापडाच्या घरी सांगून शिरावं.

ही पहिली. मग दुसरी, तिसरी, अशी फासळी संपेस्तोवर ओव्यांची माळ. मध्ये कुणी बोलायचं नाही. शिंक आली तरी दाबायची. बोललं की गाठ सुटते, असा नेमच होता आमच्याकडे.

आई होती तोवर पंख उभा करून शिवायचे. अल्याड आबा, पल्याड आई. मध्ये कापडाची भिंत. सुई इकडून शिरायची आणि तिकडून परत यायची. मी दाराबाहेर चिंचोके खेळत ऐकायची; आतून गाणं कुणाचं आणि कुठून येतंय ते उमजायचं नाही, दोघांचं मिळून एकच यायचं. मी सोळा वर्षांची असताना आई तापाने गेली. त्यानंतर आबांनी पंख आडवा ठेवायला सुरुवात केली. एक हात वर, एक हात खाली, एकटेच.

मग डोळे गेले. काचबिंदू. एकदम नाही; आधी कडांनी अंधार आला, मग तो मध्याकडे सरकत राहिला, चुलीत गोवरी विझत जाते तसा. गेलं ते परत येणार नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं. आबांनी ते माळावर कुणाला सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात थोरलीच्या खालच्या दोन्ही पंखांना नवं कापड घालायचं निघालं, तेव्हा आम्ही शिवणकामाच्या शेडचं दार लावून घेतलं. आबा स्टुलावर बसून ओव्या म्हणायचे, मी शिवायची. उन्हाची तिरीप फासळीवरून सरकत जायची आणि माझी सुई तिच्या मागून. आबा तेरा ओव्या म्हणून झाल्या की थोडे थांबत. मी समजायची, दम घेतात. सुई धरून उभी राहायची. मग पुढची ओवी यायची आणि मी पुढे जायची.

कामाच्या कार्डावर नाव आबांचं. सहीसुद्धा आबांचीच. मी त्यांचं बोट जागेवर नेऊन ठेवायची.

एकच गोष्ट आमच्या हातात नव्हती. कॅप्टन जठारांचा नियम. विमानाला ज्याचा हात लागला, त्याने पहिल्या फेरीला पुढच्या सीटवर बसायचं. इंजिन उघडलं असेल तर इब्राहिममामा बसायचे, कापड घातलं असेल तर आबा. नुसतं बसायचं नाही, डोळ्यांत तेल घालून आपलं काम बघायचं आणि हाताने सांगायचं.

त्या सकाळी इब्राहिममामा मुलाणी इंजिनाचं झाकण लावत होते. सबंध माळावर इंजिनाला हात लावायची परवानगी त्यांना एकट्यालाच. कॅप्टन हातमोजे चढवत आले.

"काय मामा, म्हातारी आज नीट बोलतेय का?"

"ती रोजच नीट बोलते. ऐकणारा पाहिजे."

"धाकटीला बोलायची गरज लागत नाही. तेलाचा दाब, उष्णता, सगळं काट्यावर दिसतं."

"काटा बघायला ध्यान लागतं, साहेब. आवाज ध्यान नसलं तरी कानात शिरतो." मामांनी पान्याने झाकणावर टकटक केलं. "जुनं इंजिन बिघडायच्या आधी आठ दिवस कुरकुरतं. आज इथं दुखतंय, उद्या तिथं. आन् नवं कसं, नव्या जावयासारखं. शेवटच्या दिवसापत्तोर ग्वाड ग्वाड, आन् मग भर मांडवात रुसून बसायचं."

"आणि हे तुमचं वर जाऊन बंद पडलं तर?"

"पडंना. तुम्ही हाय की."

कॅप्टन हसले. "तेही खरंच. इंजिन बंद पडलं तर मी हिला कुठल्याही शेतात उतरवीन. उतरवलंय. ज्वारीत, हरभऱ्यात, एकदा तर लग्नाच्या वऱ्हाडापुढं. पण कापड..." त्यांनी पंखावर टिचकी मारली. टण्ण वाजलं. "कापड उसवलं की पायलट आणि दगड सारखेच. म्हणून मी मामांना भीत नाही, केरोबांना भितो."

"एवढी वर्षं भीतच हाय म्हणा की," आबा म्हणाले.

"एवढी वर्षं जिवंत आहे ना! चला, बसा."

मग त्यांनी जरा गंभीर होऊन सांगितलं की, कमिटीची माणसं दुपारी यायची आहेत. जुन्या विमानांत पोरांना बसवणं धोक्याचं, असं त्यांच्यातल्या दोघांचं मत होतं. आज चाचणी सुरळीत झाली तर थोरली राहील. नाहीतर तिचे पंख उतरवून ती शेडच्या मागे. आणि धाकटीला तर टाकासुद्धा लागत नव्हता. म्हणजे थोरली गेली की आबांचं माळावरचं येणं संपलं. डोळे गेलेल्या शिंप्याला गावात तरी कोण सदरा टाकणार होतं? हे साहेब बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं.

आबांनी पंखाच्या मुळाशी हात ठेवला आणि चढायच्या फळीसाठी पाय उचलला. फळी इकडे, पाय तिकडे. टाच हवेत चाचपडली. आणखी एक क्षण गेला असता तर ती कापडावरच पडली असती.

मी पुढे झाले. "साहेब, आबांना दोन दिवस चक्कर येतीय. मी बसते."

"तू?"

"हाताखाली मीच होते. एकूण एक गाठ मला ठाऊक आहे."

कॅप्टनांनी आबांकडे पाहिलं. "केरोबा, नियम तुम्हाला माहीत आहे."

आबांची बोटं पंखाच्या कडेवर हलली. "तिचा बी हात हाय त्यात," ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं.

"बसू द्या, साहेब," मामा झाकणात बघतच म्हणाले. "वजन बी निम्मं. म्हातारीचे गुडघे दुखणार नाहीत." ते माझ्याकडे बघत नव्हते, त्यावरूनच मला कळलं की मामांना सगळं माहीत आहे.

पट्टे आबांनी बांधले. फळीवर उभे राहून, नुसत्या चाचपणीवर, एकेक टोक खिळीत घातलं. त्यांच्या तोंडाला चहाचा वास होता.

"नजर पंखावरून काढू नको."

"नाही काढत."

"आन् दिसंल तेच दाखव. माझ्यासाठी म्हणून येगळं काय दाखवू नको."

"काही दिसणारच नाही, आबा. सगळ्या गाठी मारल्यात मी."

त्यांनी माझा अंगठा धरला. दोऱ्याने पडलेला घट्टा दाबून पाहिला आणि खाली उतरले.

मामांनी पुढचा लाकडी पंखा हाताने फिरवला. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा थोरली बोलू लागली. माळावरचं गवत मागे झोपलं. धक्के बसत गेले, बसत गेले, आणि एकाएकी बसेनासे झाले.

मी आजवर पंखाकडे वरून पाहिलं होतं. टेबलावर आडवा, रोगणाच्या वासात. आता तो माझ्या कोपराशी होता आणि त्याच्याखाली जग. वाघजाईचं देऊळ बत्ताशाएवढं. विहिरी म्हणजे कुणीतरी खडूने काढलेले ठिपके. भीती वाटली नाही. उलट वाटलं, आईने हे कधी पाहिलं नाही. ती नुसतंच शिवत राहिली.

"पहिला फेरा," नळी बोलली. "कापड?"

कापड ताठ होतं. मी पंजा दाखवला. तो पंजा खरा होता.

मग आम्ही आणखी वर गेलो. इंजिनाचा सूर बदलला, वारा जाड झाला. तारा गुणगुणू लागल्या. आणि मला उजव्या पंखावर, विमानाच्या अंगालगतच्या पहिल्या फासळीवर काहीतरी दिसलं. तव्यावरच्या भाकरीला पहिला फुगा येतो, एवढंसं. कापड फासळी सोडून वर आलं होतं. मी डोळे मिटून उघडले. फुगा तिथेच. खाली बसला, पुन्हा आला. पंख श्वास घेत होता.

मला वाटलं, एक गाठ सैल राहिली असेल. एकच. एका गाठीने काय होतंय.

तेवढ्यात नळीतून तो आवाज आला. "हात वर धर, सगुणा. पंजा उघडा दिसला तर मी पुढे जाईन. मूठ दिसली तर उतरेन. तिसरं काही करू नकोस."

मूठ दाखवली तर काय होणार, ते मला एका दमात दिसलं. आम्ही उतरणार. फीत सोलणार. कार्ड काढणार. कार्डावर केरोबा बगाडे. दुपारी कमिटी. संध्याकाळी थोरली शेडच्या मागे, आणि आबा आमच्या दारातल्या दगडावर, हात मांडीवर टाकून. त्या हातांना दुसरं काय येत होतं?

मी हात वर केला. पाची बोटं उघडली.

तो पंजा खोटा होता.

"शाब्बास," नळी म्हणाली. "आता नाक खाली घालतो. वेग वाढेल. पोटात गोळा येईल, येऊ दे."

मी ओरडले, "नको!" ते माझं मलाच ऐकू आलं नाही. वाऱ्याने शब्द ओठांवरूनच उचलून नेला. मागे वळू म्हटलं तर पट्टे वळू देईनात. खीळ काढावी तर बाहेर दोन हजार फूट. आणि जमीन माझ्याकडे तोंड करून उभी राहू लागली.

तारांचं गुणगुणणं किंचाळण्यावर गेलं. फुगा मोठा झाला. शेजारच्या फासळीवरही तसाच. तिच्या पलीकडच्या फासळीवरही. मी पंखाच्या टोकापर्यंत पाहत गेले. सगळ्या फासळ्यांवर, एकाच जागी, एका रेषेत. नांगराच्या तासासारखी सरळ रेषा. दोरी धरून आखावी तशी.

सैल राहिलेली गाठ अशी रेषेत येत नाही. सैल गाठ एक असते. ही माझ्या हाताची चूक नव्हती. मी शिकलेच तसं होते.

मी पहिल्या फासळीवर पुढच्या कडेपासून ओव्या मोजल्या. वाऱ्या रे पाहुण्या. मेणाचा माझा दोरा, ही दुसरी. एकेक करत तेरावीवर आले.

माळाच्या पल्याड दिसं माहेराचा आंबा,
पंखाच्या राजसा, तिथं घडीभर थांबा.

आणि त्यानंतर फुगा होता. जिथे आबा थांबायचे, बरोबर तिथे. पट्टीवर त्या जागी खाच होती. पण आबा तिथे काही म्हणत नसत, आणि आत, कापडाखाली, तिथूनच पंखाचा मोठा आडवा दांडा जात होता. मी मनाशी धरलं होतं, की ती खाच दांड्याची खूण असावी, गाठीची नव्हे. लाकूड मध्ये आलं म्हणून तिथे गाठ नाही, ओवी नाही. विचारलं नव्हतं. फासळीच्या मध्यात बोलायचं नाही, हा नेम. आणि फासळी संपली की विचारायचं राहून जायचं.

दोन पंख. दोन्ही पंखांच्या सगळ्या फासळ्या. प्रत्येक फासळीवरची ती गाठ मी मारलीच नव्हती.

पहिल्या फासळीवरच्या फितीची कड उचलली गेली आणि वाऱ्यात फडफडू लागली, पाखराच्या जिभेसारखी.

मी मूठ वर केली. एक नाही, दोन्ही. डोक्याच्या वर, जेवढ्या जातील तेवढ्या. साहेब त्या वेळी वेगाच्या काट्याकडे बघत असावेत, कारण काहीच बदललं नाही. जमीन येत राहिली. मी मुठी एकमेकींवर आपटत राहिले आणि ओव्या म्हणत राहिले, मोठ्याने, पहिलीपासून, कुणालाही ऐकू न जाणाऱ्या. तेराव्या ओवीपर्यंत गेले आणि पुढे मला काही सुचेना.

तेव्हा इंजिनाचा आवाज पडला. एवढ्या हळू पडला, की जणू कुणीतरी झोपलेल्या पोरावरून हात काढून घेतोय.

"दिसलं," नळी म्हणाली. "मुठी खाली घे. नजर तिथेच ठेव. मी हिला कडेवर घेऊन उतरतो."

नाक हळूहळू वर आलं. घाई नाही, झटका नाही. फुगे लहान झाले, पण गेले नाहीत. पुढची दहा-बारा मिनिटं त्या नळीत त्यांच्या श्वासाखेरीज काही नव्हतं. चाकं लागली तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. मी पंखाकडेच बघत होते.

मामा धावत आले. "इंजिन एकदम हळू झालं तवाच म्हणलं, कापड!"

आबा शेडच्या दारात उभे होते. आवाजाच्या दिशेने तोंड करून.

मामांनी पातळ पात्याने पहिल्या फासळीवरची फीत सोलली. कॅप्टन वाकून गाठींवर बोट ठेवत मोजू लागले. तेरा झाल्या. मग मोकळं कापड. मग पुढची गाठ. दुसरी फासळी सोलली. तेरा, मोकळं, मग पुढची. तिसरी. त्यांनी पातं मामांच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

"निसटलेली नाही. मारलेलीच नाही. चौदावी. सगळीकडे."

माळावर टिटवी ओरडत होती.

"सगुणा." ते माझ्याकडे वळले. चष्म्याची खूण त्यांच्या डोळ्यांभोवती लाल उठली होती. "तू दुसऱ्यांदा पंजा दाखवलास. तेव्हा फुगा होता?"

नाही म्हणता आलं असतं. वर काय दिसलं ते फक्त मी पाहिलं होतं.

"होता," मी म्हणाले.

"मोठा?"

"भाकरीच्या पापुद्र्याएवढा."

"आणि तू मला उघडा पंजा दाखवलास." आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागला. "इंजिन खोटं बोलत नाही. काटा अडकला तर अडकलेला दिसतो. या सगळ्या यंत्रात खोटं बोलू शकणारी एकच वस्तू आहे, पुढच्या सीटवरचा हात. त्या हातावर मी नाक खाली घातलं."

"चुकले, साहेब."

"ही शिवण कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"कार्डावर केरोबांची सही आहे."

"शिवण हिचीच हाय." आबा दारातून निघाले होते. हात पुढे धरून, पाय घासत, उघड्या माळावर, सगळ्यांच्या देखत आंधळ्यासारखे. आजवर माळावर ते असे कधी चालले नव्हते. मी धरायला गेले तर त्यांनी मला बाजूला सारलं. बोटं थोरलीच्या पंखाला लागली तेव्हा थांबले. "सही माझी, शिवण हिची. मला आता दिसत न्हाई, साहेब. दिवाळीपासनं काहीच न्हाई. हिनं समदं माझ्या तोंडावर शिवलं. मी म्हणायचो, ही बांधायची."

मामांनी मान खाली घातली.

कॅप्टनांनी खिशातून कार्ड काढलं, आबांच्या नावावर एक रेघ मारली, आणि ते माझ्यासमोर धरलं. "फीत सगळी सोला. दोन्ही पंख. कमिटीला मी सांगतो, चाचणी आणखी आठ दिवसांनी. ते थांबतील की नाही, मला माहीत नाही. पण खोट्या नावाच्या पंखाखाली मी पुन्हा बसणार नाही. लिही तुझं नाव."

मी लिहिलं. अक्षर तिरकं आलं.

"आणि पुढच्या फेरीला तूच बसशील."

"बसेन."

"केरोबा, एक सांगा मला," ते आबांकडे वळले. "वीस वर्षांत तुमची चौदावी गाठ कधी चुकली नाही. मागच्या खेपेचं कापड तुम्ही एकट्याने शिवलंत, त्यात ती आहे. उतरवताना मी पाहिलंय. मग हिला का नाही सांगितलीत? तिथे गप्प का बसलात?"

आबांची बोटं सोललेल्या फासळीवरून चालत होती. एक, दोन, तीन. प्रत्येक गाठीवर ठेचकाळल्यासारखी थांबत. तेरावीवर आली आणि पुढे मोकळ्या कापडावर गेली, आणि तिथेच राहिली.

"गप्प न्हवतो. मनात म्हणायचो. माझे हात मनातल्या बोलावर बी बांधायचे, म्हणून माझी कधी चुकली न्हाई. हिला ते कसं ऐकू जाणार, हे माझ्या ध्येनातच आलं न्हाई." त्यांनी ओठ ओले केले. "पोरी, ती गाठ तुझ्या आईची. बाकीच्या ओव्या आमी दोघं मिळून म्हणायचो. ती एक ती एकटीच म्हणायची, पल्याडनं. आन् मी अल्याड सुईची वाट बघायचो. ती गेल्यापासनं माझ्या तोंडातनं निघाली न्हाई ती. सहा वर्सं."

"राहू द्या, आबा."

"न्हाई. तुला बांधायची हाय ती." त्यांनी माझा हात शोधला, ओढून त्या मोकळ्या जागेवर ठेवला, वर आपला हात दाबला. मग त्यांनी मान वर केली, पंखाच्या पल्याड कुणी उभं असावं तसं तिकडे तोंड केलं, आणि आईच्या चालीवर म्हणाले,

"पंखाच्या आडोशाला धनी माझा पल्याड,
सुई माघारी येते, तवर जगणं ग्वाड."